झावळ्यांच्या रविवारचं गाढव

मंडळीच्या सेक्रेटरीनं गाढव आणावं, असा ठराव मराठवाड्यातल्या कुठल्या चर्चनं कधी केला असेल असं मला वाटत नाही. आमच्या चर्चनंही तसा केलेला नव्हता. तो मीच मांडला, मीच लिहिला आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असंही मीच लिहून टाकलं, कारण तेवढ्यात चहा आला होता आणि बाकीचे पंच उठले होते. तेव्हा पुढं जे घडलं त्याला सर्वानुमते मी एकटाच जबाबदार आहे.

गावाचं नाव सांगत नाही. नांदेडहून देगलूरकडं जाताना लागतं, एवढं पुरे. मी इथल्या नगरपंचायतीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसतो. नाव सांगितलं तर आमचे मुख्याधिकारी माझ्याकडं आणखी एकदा चष्म्यावरून बघतील, आणि ते मला आता सोसायचं नाही.

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. प्रभू येशू गाढवावर बसून यरुशलेमात आले आणि लोकांनी फांद्या हलवत, ‘होसान्ना’ म्हणत त्यांचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. त्या दिवशी आमच्याकडं पाण्याच्या टाकीपासून चर्चपर्यंत शिंदीच्या झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. निघते म्हणजे, निघायची. मागच्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. त्यातले दोघं बसस्टँडजवळ पोहे खायला थांबले ते थांबलेच. चर्चच्या दारात पोचलो तेव्हा आमचा होसान्ना इतका बारीक निघाला, की शेजारच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून विचारलं, “काय म्हणलात?”

यावर उपाय शोधायला कमिटी बसली होती. आता खरं सांगतो. गाढवाची कल्पना मला विश्वासातून सुचली नाही, देविदासमुळं सुचली. देविदास आमचा खजिनदार. नाताळात त्यानं चर्चवर बारा फुटी तारा लावला होता. फिरणारा, रंग बदलणारा. तो बघायला लोह्याहून लोक आले. पुढं तीन महिने जो भेटेल तो देविदासचा हात हातात घेऊन बोलत होता. मी बावीस वर्षं मंडळीची इतिवृत्तं लिहितोय, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक न करता. माझा हात कुणी कधी हातात घेतला नाही. म्हणून देविदासनं ‘या वेळी लाउडस्पीकर...’ एवढं म्हणायला तोंड उघडलं, तोच मी म्हणालो, “खरं गाढव आणू!”

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“त्याच्यावर बसणार कोण?” त्यांनी विचारलं.

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. प्रभूच्या जागी बसायला कोण तयार होणार? एका पंचानं भीतभीत पाळकसाहेबांचंच नाव सुचवलं. पाळकसाहेबांचं वजन पंच्याण्णव किलो. ते म्हणाले, “भाऊ, गाढवाचाही विचार करा.” शेवटी पाठीवर झूल टाकून गाढव रिकामंच न्यायचं ठरलं, आणि चहा आला.

घरी सांगितलं तर बायको हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

“गाढव तुम्ही आणणार?” उज्वला म्हणाली. “अहो, तुम्हाला कोथिंबीर आणता येत नाही. मेथी घेऊन येता.”

आमचे शेजारी किशनराव मूळचे भोकरकडचे. शेती आता भाऊ बघतो, पण ‘जनावरातलं मला कळतं’ हा त्यांचा हक्क त्यांनी भावाला दिलेला नाही. तीन दिवस ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन मला गाढव शिकवत होते. मागून जायचं नाही. पुढून जायचं नाही. बाजूनं गेलं तरी आवाज देऊन जायचं. “आन हे बगा दयानंदराव, गाढवाला वढायचं न्हाई. त्याला वाटलं पायजे की त्यालाच जायचंय.” मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांच्या पत्नी गुणाबाई एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्या, “तुमच्यात गाढवाचा पोळा असतो व्हय?”

मी पाऊण तास त्यांना यरुशलेमची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. मग म्हणाल्या, “मंजी पोळाच की. जनावराचा मान,” आणि ट्रंकेतून बैलांची आरसे लावलेली झूल आणि घुंगुरमाळ काढून माझ्या हातात दिली. मी नको म्हणणार होतो. पण त्या झुलीला नॅप्थलिनचा वास येत होता आणि गुणाबाईंचे डोळे इतके खुलले होते, की मी मुकाट्यानं घेतली.

राहिलं गाढव. माळेगावच्या जत्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, पण ती जत्रा थंडीतच होऊन गेली होती. आमच्या गावातली माती-विटांची ओझी आता टेम्पो वाहतात. दोन दिवस मी इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटर थांबवून लोकांना विचारत होतो, “इथं गाढव कुठं मिळेल?” बावन्न वर्षांच्या माणसानं हा प्रश्न विचारला की लोक जी उत्तरं देतात ती इथं लिहीत नाही. गाढवावरून आपल्या भाषेत म्हणी किती आहेत, याची मला कल्पना नव्हती. आता आहे.

शेवटी नदीकडच्या वीटभट्टीवर पंचफुलाबाई भेटल्या. साठीच्या, काटक, पदर डोक्यावर घट्ट आवळलेल्या. त्यांच्याकडं एकच गाढव होतं. राखाडी रंगाचं, एका कानाला खाच पडलेलं. नाव गोलू. गोलूच्या पाठीवर कच्च्या विटा लादून त्या दिवसभर फेऱ्या मारत.

मी माझं म्हणणं मांडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

“तुमी नगरपंचायतीतले सायेब ना? खिडकीतले?”

“हो, हो!” मी म्हणालो. भट्टीपर्यंत आपलं नाव पोचलंय, या विचारानं मी किंचित ताठ झालो. माणूस कशा-कशानं खूश होईल सांगता येत नाही.

त्यांनी गोलूच्या पाठीवरची माती झटकली. मग म्हणाल्या, “देवाचं काम हाय म्हणता. देवाच्या कामाला न्हाई कसं म्हणावं? न्या. पर सोमवारी सकाळी भट्टीवर पायजे. मालक म्हणून ऱ्हायलाय, गाढव एक दिस जरी चुकलं तर ट्रॉली लावतो. मंग मला काम न्हाई.”

“सोमवारी सूर्य उगवायच्या आत,” मी म्हणालो. सरकारी माणसानं दिलेला शब्द होता तो.

शनिवारी सकाळी गोलू आमच्या दारी आला. म्हणजे पंचफुलाबाईंनी आणून सोडला. माझ्याबरोबर तो पाऊलभरही आला नव्हता. किशनरावांच्या सूचनेप्रमाणं ‘त्यालाच जायचंय’ असं मी त्याला बराच वेळ वाटू दिलं. त्याला वाटलं नाही.

दुपारपर्यंत त्यानं तीन गोष्टी केल्या. मिरवणुकीसाठी ओट्यावर रचून ठेवलेल्या चाळीस झावळ्यांपैकी सव्वीस खाल्ल्या. उज्वलानं वाळत घातलेला दिवाणखान्याचा पडदा अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा बहुधा आवडला नसावा. आणि दोन वाजता, सगळी कॉलनी आडवी झालेली असताना, मान वर करून तो असा ओरडला की समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक भोंगा वाजला समजून चष्मा शोधायला लागले. चार घरांतून चार माणसं बाहेर आली. चौघांनीही गाढवाकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

मी गोलूला घरामागं नेऊन लिंबाला बांधलं. व्यवस्थित, दोन पदरी गाठ मारून. चोवीस वर्षं मी फायलींना गाठी मारतोय. पण फाईल कधी पळून जायचा प्रयत्न करत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. जरा डोळा लागला. चार वाजता उठून बघतो, तर लिंबाला दोर होता आणि दोराला गाढव नव्हतं.

स्कूटर काढली. डोक्यावर हेल्मेट, पायात घरातली स्लिपर. पानटपरीवाला म्हणाला, “राखाडी? खाच पडलेलं? ते तर रस्त्याच्या मधोमध बसलं होतं. नगरपंचायतीच्या गाडीनं उचलून नेलं की आत्ता.”

मोकाट जनावरांची मोहीम! आमच्याच कार्यालयाची. मी कोंडवाड्यावर पोचलो. फाटकाला कुलूप, आत सात गाई, एक बोकड, आणि कोपऱ्यात, माझ्याकडं पाठ करून, गोलू. कोंडवाड्याचा कारकून श्रीमंत खुर्चीवर बसून शेंगा खात होता. मला बघून उभा राहिला.

“श्रीमंत, ते गाढव सोड.”

“सायेब, मालक कोण?”

“मालक मी नाही. पण मी ओळखतो त्याला.”

श्रीमंतनं गोलूकडं बघितलं. गोलूनं मला ओळखल्याचं काही दाखवलं नाही. श्रीमंत फार अदबीनं भिंतीवरच्या फलकाकडं हात करून म्हणाला, “सायेब, तुमचंच वाक्य हाय.”

खरंच माझं होतं. दोन वर्षांपूर्वी मुख्याधिकाऱ्यांनी फलकाचा मजकूर मला लिहायला सांगितला होता, आणि मी चार दिवस खपून लिहिला होता: ‘मालकी हक्काचा सबळ व निर्विवाद पुरावा, मालकाने समक्ष उपस्थित राहून सादर केल्याखेरीज, कोणत्याही सबबीवर जनावर मुक्त करण्यात येणार नाही.’ ‘निर्विवाद’ या शब्दावर तेव्हा मी फार खूश होतो.

“श्रीमंत, अरे गाढवाचा निर्विवाद पुरावा कुठून आणणार?”

“त्ये मलाबी कळत न्हाई सायेब. मी आपलं पाठ केलंय,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. “आता सोमवारी. मोठ्या सायबाची सही लागती. ते अकराला येतात.”

सोमवारी अकरा. आणि मी सूर्य उगवायच्या आत म्हटलं होतं.

भट्टीकडं जाताना दोनदा मी स्कूटर वळवली. देविदासला सांगावं का, की तूच जाऊन सांग? हाही विचार आला. असे विचार मला फार पटकन येतात. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पंचफुलाबाई तीन विटांच्या चुलीवर भाकरी टाकत होत्या. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील, चार माणसं गोळा करतील. त्यांनी भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली, आणि मग म्हणाल्या, “त्यानं पानी पेलं का?”

“अं?”

“गोलूनं. त्याला हौदातलं पानी चालत न्हाई. बकेटीत लागतं.”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दिवसभर गाढव माझ्याकडं होतं आणि मी त्याला पाणी दाखवलं नव्हतं. पडद्याची मात्र मला सविस्तर माहिती होती.

“उद्या सकाळी म्या येते तितं,” त्या म्हणाल्या.

परत कोंडवाड्यावर गेलो आणि श्रीमंतकडून बादली भरून आत ठेववली. गोलू ती एका दमात प्याला. घरी येताना कॅनॉलजवळ मी स्कूटर बाजूला लावली. मंडळीत माझी प्रार्थना लांबलचक म्हणून प्रसिद्ध आहे. तिची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून होते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांसाठी असते; लोक मधेच डोळे उघडून घड्याळ बघतात, हे मला माहीत आहे, कारण मीही बघतो. त्या संध्याकाळी मी फक्त एवढंच म्हणालो, “प्रभू, गाढव सुटू दे. त्या बाईचं काम जाऊ देऊ नको.” आणि पुढं काही सुचेना. स्कूटर सुरू करताना वाटलं, बावीस वर्षांत मी काहीतरी मागितलं ते हे पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी सातला टाकीपाशी मंडळी जमली. पन्नासच्या वर माणसं होती. गाढव येणार म्हणून बातमी फिरली होती. वर्षानुवर्षं न दिसलेले चेहरे होते, नातवंडं होती, किशनराव फेटा बांधून आले होते, गुणाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या होत्या. आणि रिक्षातून कमलम्मा आल्या होत्या.

कमलम्मा आमच्या मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ. ब्याऐंशी वर्षांच्या, तेलंगणाच्या बाजूच्या. गुडघ्यांमुळं दोन वर्षं त्या चर्चला आल्या नव्हत्या. लहानपणी एकदा त्यांच्या गावात झावळ्यांच्या रविवारी खरं गाढव आलं होतं, ते पुन्हा बघायला मिळेल म्हणून त्यांनी सुनेला पहाटेच रिक्षा आणायला लावली होती.

“दयानंदा, गाडिद एक्कड?” त्यांनी विचारलं. गाढव कुठाय?

मी पाळकसाहेबांना, देविदासला आणि कमलम्मांना, एकदमच, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं देविदास आता काहीतरी बोलेल. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो. तो म्हणाला, “ती बाई आत्ता कोंडवाड्यावर एकटीच उभी असंल ना?”

कमलम्मांनी रिक्षाच्या दांडीवर काठी आपटली. “गाडिद येत न्हाई तर आपण जायाचं. प्रभूनं बी आधी माणसंच पाठवली होती, गाढव सोडून आणायला.”

पाळकसाहेब ज्या कॉलेजात चार वर्षं शास्त्र शिकले, तिथंही हा मुद्दा कुणी इतक्या थोडक्यात सांगितला नसावा. त्यांनी झावळी उचलली आणि मिरवणूक चर्चकडं जायची ती कोंडवाड्याकडं वळली.

आता, रविवार म्हणजे आमच्याकडं आठवडी बाजार. पन्नास माणसं हातात फांद्या घेऊन, काहीतरी गात, चर्चच्या नव्हे तर नगरपंचायतीच्या दिशेनं निघाली की लोक काय समजणार? “कशाचा मोर्चा हाय?” भाजीवाल्यानं विचारलं. किशनराव म्हणाले, “गाढव सोडवायचंय.” एवढंच ते म्हणाले. चौकातून पुढं गेलो तेव्हा आम्ही शंभर होतो, बँकेपाशी दोनशे. कोणा-कोणाच्या गाई आतमध्ये होत्या, ते सगळे आले. दोन तरुणांनी ‘गाढवाला न्याय मिळालाच पाहिजे!’ सुरू केलं. पाळकसाहेब गडबडून आणखी मोठ्यानं होसान्ना म्हणू लागले, आणि लोकांनी तेही उचललं. अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण ठेका चांगला होता. गिरणीवाला या वेळी काय म्हणालात विचारायला आला नाही. तो माझ्या मागंच चालत होता आणि होसान्ना म्हणत होता.

या सगळ्याच्या अग्रभागी, स्वच्छ पांढऱ्या शर्टात, कार्यालयाचा कर्मचारी म्हणून सर्वांना माहीत असलेला, मी. खिशात फोन वाजला. मुख्याधिकारी.

“दयानंद, तुम्ही कार्यालयाविरुद्ध मोर्चा काढलाय?”

“नाही साहेब! झावळ्यांचा रविवार आहे साहेब.”

“मग या घोषणा कसल्या?”

“होसान्ना आहे साहेब.”

“त्यात मागणी काय आहे?”

मी जागच्या जागी उभा राहिलो. होसान्ना या शब्दाचा अर्थ पाळकसाहेब दर वर्षी सांगतात आणि मी दर वर्षी इतिवृत्तात लिहितो. “आम्हाला सोडव, अशी आहे साहेब,” मी म्हणालो.

“पंचनामा करा आणि सोडा ते गाढव,” ते म्हणाले. “आणि उद्या मला लेखी खुलासा द्या.”

कोंडवाड्याच्या फाटकाशी पंचफुलाबाई उभ्या होत्या. शेजारी सहा-सात वर्षांची नात, त्यांचं बोट धरून. दोनशे माणसं गात येताना बघून त्या जरा मागं सरल्या. देविदासनं पुढं होऊन त्यांना सांगितलं, “मावशी, घाबरू नका, आम्ही गोलूसाठी आलोय.”

श्रीमंतनं टेबल बाहेर काढून पंचनामा लिहायला घेतला. घामानं डबडबला होता. “सायेब, निर्विवाद पुरावा...” तो माझ्याकडं बघून पुटपुटला.

पंचफुलाबाई फाटकाशी गेल्या आणि हलक्या आवाजात, जसं घरात कुणाला उठवावं तसं म्हणाल्या, “गोलू, ए गोलू. चल रं.”

कोपऱ्यातून गोलूनं कान फिरवला. दोन गाईंच्या मधून वाट काढत तो सरळ फाटकाशी आला आणि गजांमधून तोंड बाहेर काढून त्यानं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. श्रीमंतनं लिहिलं, ‘जनावराने मालकिणीस ओळखले.’ मग मान वर करून म्हणाला, “मावशी, तुमचं आधार कार्ड तेवढं.”

त्यांनी कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून मला दिली. “मला कळत न्हाई. तुमीच काढा सायेब.”

पिशवीत घडी घालून-घालून मऊ झालेले कागद होते. आधार, रेशनकार्ड, आणि एक अर्ज. जन्माच्या दाखल्यासाठीचा. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘नावात तफावत. परत.’ त्याखाली पुन्हा, वेगळ्या तारखेला, ‘परत.’ अशा चार तारखा. अक्षर टपोरं, वळणदार, ऱ्हस्वदीर्घ अचूक. माझंच.

दवाखान्याच्या कागदावर मुलीचं नाव ‘शिवंगी’ लिहिलं होतं आणि बाकी सगळीकडं ‘शिवांगी’. एका कान्यासाठी मी या बाईला चार वेळा भट्टीवरून बोलावून माघारी लावलं होतं. चेहरासुद्धा मला आठवत नव्हता. खिडकी उंच आहे. त्यातून मला फक्त कागद दिसतात.

“मावशी, हे...” मी म्हणालो.

“ते दुसरं काम हाय सायेब,” त्या म्हणाल्या. “ते ऱ्हाऊ द्या. आधी गोलूचं बगा.”

गोलू सुटला. गुणाबाईंनी त्याला झूल घातली, घुंगुरमाळ बांधली आणि कपाळाला कुंकू लावलं. पंचांनी पाळकसाहेबांकडं बघितलं, पाळकसाहेबांनी आभाळाकडं. बसायचं कुणी यावर कमिटीनं जी चर्चा केली होती ती कुणाला आठवलीही नाही. पंचफुलाबाईंनी रोजच्या सवयीनं नातीला उचललं आणि गोलूच्या पाठीवर ठेवलं, आणि मिरवणूक निघाली. कमलम्मांची रिक्षा अगदी मागोमाग. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याच चष्म्यावर काहीतरी आलं होतं.

चर्चच्या दारात गोलू थांबला, शिवांगीला उतरवलं तेवढ्यात देविदासच्या हातातली झावळी खाऊन टाकली आणि मग कमिटीच्या बाकाजवळ उभा राहून उपासना संपेपर्यंत एकदाही ओरडला नाही. माझ्या लांब प्रार्थनेची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “प्रभू, आभारी आहे,” आणि खाली बसलो. लोकांनी डोळे उघडून एकमेकांकडं बघितलं. बाहेर पडताना देविदासनं माझा हात हातात घेतला. मीही त्याचा दाबला, आणि म्हणालो की तारा फार चांगला होता. हे मला नाताळातच म्हणता आलं असतं.

सोमवारी सूर्य उगवायच्या आत गोलू भट्टीवर होता. मी साडेनऊला कार्यालयात पोचलो आणि आधी लेखी खुलासा लिहिला. मग टेबलाचा खालचा खण उघडला. नावातल्या दुरुस्तीसाठी आई किंवा वडिलांनी द्यायच्या घोषणापत्राचा नमुना तिथंच होता, शंभराच्या गठ्ठ्यात. इतकी वर्षं तो कुणी मागितला नाही म्हणून मी कुणाला दिला नव्हता.

पंचफुलाबाई येतील म्हणून मी एक वाजेपर्यंत खिडकीबाहेर मान काढून बघत होतो. त्या कशाला येतील? चार वेळा येऊन झालं होतं. दुपारच्या सुट्टीत नमुना डब्याच्या पिशवीत घालून मीच भट्टीवर गेलो. मुलीची आई सिंधु मातीचे गोळे करत होती. विटांच्या थप्पीवर कागद ठेवून मी एकेक रकाना भरला, तिनं हात पुसून सही केली. परत जाऊन नोंद दुरुस्त केली, साहेबांची सही घेतली. ते चष्म्यावरून बघत राहिले. मीही बघत राहिलो. साडेपाचला दाखला घेऊन पुन्हा भट्टीवर.

पंचफुलाबाईंनी कागद हातात घेतला नाही. “हात मातीचे हायत. वाचून दावा.”

“नाव, शिवांगी,” मी वाचलं.

“काना हाय का?”

“आहे.”

“अजून एक डाव वाचा. तिला ऐकू द्या,” त्या म्हणाल्या आणि नातीला हाक मारली. सिंधु म्हणाली, “दाखल्याबिगर शाळेत बसू देतात सायेब, पर बाई हजेरी घेतात तवा हिचं नाव न्हाई येत. ही रोज सगळ्यांची ऐकत बसती.”

शिवांगी येऊन विटांपाशी उभी राहिली. गोलूवर बसताना जशी बसली होती तशीच, ताठ.

मी घसा साफ केला. चर्चमध्ये पाठ वाचताना काढतो तो आवाज काढायचा प्रयत्न केला, पण निघाला तो साधाच.

“शिवांगी.”

तिनं हात वर केला आणि सगळ्या भट्टीला ऐकू जाईल असं ओरडली, “हजर!”